भांडे कायमचे, हक्क मुदतीचा

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, कंपनीच्या स्वतःच्या हॉटेलांत, झाकणाचा आणि मुठीचा एक प्लॅस्टिकचा मग विकायला असतो. किंमत २० डॉलरहून थोडी जास्त. तो घेणाऱ्याला मुक्काम असेपर्यंत हॉटेलच्या फूड कोर्टातल्या यंत्रांवरून कोक, स्प्राइट, कॉफी, चहा किंवा गरम कोको हवा तितक्या वेळा भरून घेता येतो. मुक्काम संपला की भरून घेण्याचा हक्क संपतो. भांडे मात्र पाहुण्याचेच राहते आणि त्याच्याबरोबर घरी जाते.

एवढ्याशा या व्यवहारावर डिस्नेला पुन्हा पुन्हा जाणाऱ्या कुटुंबांमध्ये वर्षानुवर्षे कडाक्याचा वाद होत आला आहे. मागच्या सहलीचा मग घरून आणून पुन्हा भरला तर ती चोरी ठरते का? नवरा-बायकोने मिळून एकच मग वापरावा का? निघायच्या दिवशी खोली सोडल्यावर भरून घेतला तर? सहलीचा खर्च हजारो डॉलर आणि भांडण कोकच्या पेल्यावर, असे म्हणून हा विषय झटकून टाकणारे पुष्कळ आहेत. मला तसे वाटत नाही. नियमाचा अर्थ कसा लावायचा, किंमत नेमकी कशाची असते आणि कोणी पाहत नसताना माणसाने कसे वागायचे, हे तीन जुने प्रश्न इथे एकाच वस्तूभोवती गोळा झाले आहेत. पणाला लागलेली रक्कम लहान असल्यामुळे ते स्वच्छ दिसतात, इतकेच.

माझे प्रतिपादन असे, की एकाच वस्तूच्या रूपात दोन वेगळे व्यवहार विकले गेले, हे या वादाचे मूळ आहे. भांडे विकले ते कायमचे. पेयाचा हक्क विकला तो मुदतीचा. दोन्हींची पावती मात्र एकच, ती म्हणजे तो मग. मुदत संपल्यावरही ही पावती हातात राहते आणि पुढची कित्येक वर्षे धडधाकट राहते. पाहुण्यांची लबाडी किंवा कंपनीचा लोभ ही कारणे त्यानंतरची.

व्यवहाराचे स्वरूप

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले. आज तिथे चार मोठी उद्याने, दोन जलउद्याने आणि कंपनीची वीसहून अधिक हॉटेले आहेत. ऑल-स्टार आणि पॉप सेंच्युरी ही स्वस्तातली, कॅरिबियन बीच आणि पोर्ट ऑर्लिन्स मधल्या दराची, पॉलिनेशियन महागडे. एका हॉटेलात घेतलेला मग दुसऱ्या हॉटेलातही भरता येतो, पण चार मोठ्या उद्यानांत तो भरून मिळत नाही. ही मर्यादा वरवर किरकोळ वाटते, पण सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. पाहुणा सकाळी बसने उद्यानात जातो आणि बहुतेकदा रात्री परततो. म्हणजे कागदावर अमर्याद असलेला हा हक्क प्रत्यक्षात सकाळची कॉफी, रात्री परतल्यावरचा एखादा पेला आणि ज्या दिवशी पोहण्याच्या तलावावरच मुक्काम ठोकला त्या दिवसाची दुपार, एवढ्यातच वापरला जातो.

तिथे यंत्रावरच्या एका साध्या पेयाला साधारण ४ ते ५ डॉलर पडतात. त्या हिशेबाने मग पाचेक वेळा भरला की पैसे वसूल होतात. पाच रात्री राहणाऱ्या आणि रोज सकाळी कॉफी पिणाऱ्या माणसाला ते सहज जमते. एका रात्रीसाठी उतरून दिवसभर उद्यानात फिरणाऱ्याला जमत नाही. मुलांकडे अमेरिकेत गेलेले आपल्याकडचे आईवडील ऑरलँडोला जातात तेव्हा हा मग त्यांच्याही पुढे येतो, आणि ते पहिला प्रश्न हाच विचारतात: किती वेळा भरला तर परवडेल? प्रश्न योग्य आहे, पण तो फक्त घेणाऱ्याच्या बाजूचा आहे.

विकणाऱ्याची बाजू अशी. अमेरिकेत यंत्रावरच्या पेयांचे सिरप सहसा ५ गॅलनच्या पिशवीत, खोक्यात बंद होऊन येते. एक भाग सिरपला पाच भाग सोडावॉटर हे प्रमाण धरले, तर एका खोक्यातून ३० गॅलन, म्हणजे सुमारे ११३ लिटर पेय निघते. अर्ध्या लिटरचा एक मग धरला तर सव्वादोनशे वेळा भरेल, आणि बर्फ घातला तर त्याहूनही जास्त. अर्थात एक जादा मग भरल्याने कंपनीच्या खर्चात पडणारी भर अगदी थोडी असते. किमतीचा मोठा भाग यंत्रे, जागा, साफसफाई, माणसे आणि नफा यांचा आहे.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण वादात ती नेहमी विसरली जाते. डिस्नेच्या खाद्यपदार्थांच्या काउंटरवर मागितले की बर्फ घातलेले पाणी फुकट मिळते. फ्लोरिडाच्या उन्हात ही सोय मोठी आहे. तेव्हा मगाचा वाद तहानेचा नाही. कुणाला पाण्यावाचून ठेवून कंपनी कोक विकते आहे, असा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

किमतीचे शास्त्र

अर्थशास्त्रात या प्रकारच्या किमतीवरचा एक अतिशय गाजलेला लेख योगायोगाने डिस्नेवरच आहे. वॉल्टर ओय यांनी १९७१ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये तो लिहिला. डिस्नेलँडने दारावर प्रवेशशुल्क जास्त घ्यावे आणि आतले पाळणे जवळजवळ फुकट ठेवावेत, की प्रवेश स्वस्त ठेवून प्रत्येक पाळण्याला पैसे घ्यावेत, असा त्यांचा प्रश्न होता. किमतीचे दोन भाग पाडायचे: एक आत येण्याचा, दुसरा प्रत्येक वापराचा. सगळ्या गिऱ्हाइकांची आवड सारखी असेल तर वापराचा दर त्या वापराच्या खऱ्या खर्चाइतकाच ठेवावा आणि उरलेले सगळे उत्पन्न प्रवेशशुल्कातून काढावे, हे त्यांच्या विश्लेषणातून निघते. गिऱ्हाइकांची आवड वेगवेगळी असली की गणित अवघड होते, पण दिशा तीच राहते.

त्या काळी कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड नेमके उलट वागत होते. १९५५ साली ते उघडले आणि त्याच वर्षी तिकिटांची पुस्तिका आली. साध्या पाळण्यांना ‘ए’ तिकीट, आणि १९५९ पासून सर्वात थरारक राइडना ‘ई’ तिकीट. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली आणि एकदा दारावर पैसे भरले की आत हवे तितके फिरा, ही पद्धत आली. मग म्हणजे हेच तत्त्व पेयाला लावणे होय. दारावरचे शुल्क २० डॉलर, आणि आतला प्रत्येक पेला शून्य.

वापराचा दर शून्यावर आला की एक गोष्ट अटळ होते. जोपर्यंत प्रत्येक पेल्याचे पैसे मोजले जातात तोपर्यंत कोण प्यायले, कधी प्यायले, कुणाच्या भांड्यातून प्यायले याच्याशी दुकानदाराला देणेघेणे नसते. त्याचे पैसे आलेले असतात. एकदाच पैसे घेऊन पुढचे सगळे मोकळे सोडले, की आत कोण आणि बाहेर कोण हीच एकमेव महत्त्वाची बाब उरते. जेम्स बुकानन यांनी १९६५ मध्ये क्लबांचा आर्थिक सिद्धांत मांडला त्यातही गाभा हाच होता: जे सुख सभासदांना मोकळे असते, त्याला कुंपण लागतेच. मगाचे कुंपण चार बाजूंनी घातलेले आहे. काय प्यायचे, कुठे भरायचे, किती दिवस भरायचे आणि कुणी प्यायचे. आजवर ऐकलेला प्रत्येक वाद या चारांपैकी एका कुंपणावरचा आहे.

पहिल्या दोन कुंपणांवर वाद फारसे टिकत नाहीत. दारू, मिल्कशेक किंवा बाटलीबंद पेये मगात मिळत नाहीत हे सगळ्यांना मान्य आहे. उद्यानात यंत्र नाही म्हणजे तिथे हक्क नाही, हेही. खरी झुंज मुदतीवर आणि माणसावर होते.

जुना मग

मागच्या सहलीचा मग पुन्हा भरणाऱ्यांचे म्हणणे नीट मांडले पाहिजे, कारण ते सगळे चोर आहेत असे समजून त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

त्यांचा पहिला युक्तिवाद शब्दांचा आहे. नियम म्हणतो, मुक्काम असेपर्यंत भरून मिळेल. त्यानंतर भरू नये असे तो कुठे म्हणतो? दिलेल्या परवानगीतून न सांगितलेली मनाई तुम्ही काढता, ती कोणत्या अधिकाराने?

हा प्रश्न आपल्याकडच्या मीमांसकांनी फार बारकाईने तपासलेला आहे. यज्ञातल्या वाक्यांचा अर्थ ठरवण्यासाठी जे नियम त्यांनी बनवले ते पुढे धर्मशास्त्रात आणि हिंदू कायद्याच्या निवाड्यांतही वापरले गेले, पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांना मोठी जागा दिली आहे. मीमांसक विधीचे तीन प्रकार करतात. जे दुसऱ्या कशानेच कळले नसते ते सांगणारा अपूर्वविधी. एकच काम करण्याच्या अनेक वाटा उपलब्ध असताना त्यातली एक ठरवून देणारा नियमविधी: तांदळाचा कोंडा नखांनीही काढता येतो, पण तो कांडूनच काढावा. आणि तिसरा परिसंख्याविधी, जो दिसतो परवानगीसारखा पण त्याचे खरे काम इतरांना वगळणे हे असते. पाच नखांचे अमुक पाच प्राणी खावेत असे वाक्य असेल, तर ते खाण्याची आज्ञा करत नाही. पाच नखांचे बाकीचे प्राणी खाऊ नयेत एवढेच सांगते. परिसंख्या मीमांसकांना आवडत नाही. तीत तीन दोष येतात असे ते म्हणतात: वाक्याचा स्वतःचा अर्थ सोडावा लागतो, त्यात नसलेला अर्थ घालावा लागतो, आणि जे आधी मोकळे होते ते बंद करावे लागते. म्हणून अगदीच गत्यंतर नसेल तेव्हाच ती मानायची.

आता मगाकडे या. जुना मग भरणारा म्हणतो, तुम्ही या वाक्यावर परिसंख्या लादता आहात. त्याचे म्हणणे बरोबर आहे: ती लादू नये. पण तशी गरजही नाही. परिसंख्येचा प्रश्न तेव्हा येतो जेव्हा वाक्य नसते तरी ती गोष्ट माणसाला मोकळी असती. डिस्नेच्या यंत्रातला कोक कुणालाही आधीपासून मोकळा नव्हता. तो कंपनीचा होता. पाहुण्याला तो मिळू लागला तो केवळ त्या वाक्यामुळे. म्हणजे हा अपूर्वविधी आहे, आणि अपूर्वविधीने दिलेला हक्क त्याने जेवढा दिला तेवढाच असतो. मुदतीबाहेर मनाई शोधत बसण्याचे कारण नाही, कारण मुदतीबाहेर हक्कच जन्माला आलेला नाही. याउलट, घरी नेलेल्या मगात कुणी ताक प्याले किंवा पेन ठेवली तर कंपनीला त्यात बोलण्याची सोय नाही, कारण भांड्याची मालकी पूर्ण दिलेली आहे. दोन व्यवहार वेगळे केले की उत्तर आपोआप वेगळे होते.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. आम्ही मग घेतला तेव्हा मुदतीचे कुणी बोलले नव्हते, असे म्हणणारे जुने पाहुणे आहेत. त्यांना उडवून लावू नये. कराराचे शब्द संदिग्ध असतील तर ते लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावेत, हे तत्त्व कायद्यात जुने आहे आणि न्याय्यही आहे, कारण शब्द निवडण्याची संधी लिहिणाऱ्यालाच होती. विकताना मुदत सांगितली नसेल तर ती नंतर सोयीने जोडता येत नाही. मात्र या तत्त्वाचा आधार सांगितले नव्हते तोपर्यंतच टिकतो. मुदत मगावर छापलेली असेल, काउंटरवर लिहिलेली असेल आणि विकणाऱ्याने तोंडाने सांगितली असेल, तर ती न ऐकण्याचे ठरवणाऱ्याला संदिग्धतेचा फायदा मिळू शकत नाही.

उरले दोन. कंपनीचे त्यात काय जाते, हा एक. एका पेल्याचा खर्च नगण्य आहे हे मी वर दाखवलेच. पण हाच युक्तिवाद मगाविना आलेल्या कुणालाही करता येईल, आणि तो मान्य केला तर मग विकत घेण्याचे कारणच कुणाला उरत नाही. यंत्र चालू राहते ते पैसे भरणाऱ्यांच्या जोरावर. खर्च लहान आहे म्हणून माझा वाटा कोणी दुसऱ्याने भरावा, असा त्याचा खरा अर्थ होतो. दुसरा: मी दरवर्षी या कंपनीला हजारो डॉलर देतो, एका कोकचे काय? यात दुखावलेपण आहे, आणि खोल्यांचे आणि तिकिटांचे दर पाहिले की ते समजते. पण एका व्यवहारात जास्त दिले म्हणून दुसऱ्यात आपणच सवलत काढून घ्यायची, हे कोणत्याही बाजारात चालत नाही. जास्त वाटत असेल तर मागावे, भांडावे, जाणे बंद करावे. परस्पर वळते करून घेणे हा मार्ग नाही.

काही प्रसंग मात्र खरोखर धूसर आहेत. इंग्लंडचे कायदेपंडित एच. एल. ए. हार्ट यांनी १९५८ मध्ये एक उदाहरण दिले होते: बागेत वाहने आणू नयेत असा नियम आहे. मोटारगाडी नक्कीच बंद. पण सायकल? चाकांचे बूट? खेळण्यातली गाडी? प्रत्येक नियमाला एक पक्का गाभा असतो आणि भोवती धूसर कड असते, असे त्यांचे म्हणणे. लॉन फुलर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले की नियमाचा हेतू पाहिल्याशिवाय गाभाही कळत नाही. मुक्काम या शब्दाला अशीच कड आहे. सकाळी ११ वाजता खोली सोडायची असते, पण विमान संध्याकाळी असते आणि कुटुंब सामान ठेवून तलावाजवळ बसते. या वेळी मग भरणे मुदतीत आहे का? माझ्या मते आहे. त्या दिवशी कंपनी त्या कुटुंबाला पाहुणा म्हणूनच वागवते, तलाव वापरू देते, सामान सांभाळते. मुक्कामाचा हेतू त्या वेळीही चालूच असतो. मधली एक रात्र दुसऱ्या कंपनीच्या हॉटेलात काढून पुन्हा आलेल्याचे मात्र दोन मुक्काम झाले, आणि तिथे दुसरा मग घ्यावा लागणे कठोर असले तरी चुकीचे नाही.

एक मग, किती तोंडे

आपल्याकडच्या अमर्यादित थाळीच्या खाणावळीत एक सूचना हमखास असते: एका थाळीत दोघांनी जेवू नये. ही सूचना कंजूषपणाची नाही. अमर्यादित म्हणून जे विकले जाते त्याला मर्यादा घालणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे खाणाऱ्याचे पोट. खाणावळवाला आपला दर एका सरासरी पोटावर बेततो. दोन पोटे आली की ती मर्यादाच निघून जाते आणि दराचा पाया ढासळतो.

मगाचेही तसेच आहे. एक माणूस दिवसाला किती कोक आणि किती कॉफी पिऊ शकतो याला निसर्गाची मर्यादा आहे. म्हणून हवे तितक्या वेळा असे मोकळेपणाने म्हणता येते. चार मोठी माणसे एक मग आळीपाळीने भरून पीत असतील, तर त्यांनी एका दराने चार पोटांचा हक्क घेतला. यात मला शंका वाटत नाही.

पण आईच्या मगातून चार वर्षांच्या मुलाने दोन घोट घेतले तर? यावर काहीजण अशी कसोटी सुचवतात: तो मग नसता तर दुसऱ्याने स्वतःचे पेय विकत घेतले असते का? घेतले असते तर वाटून पिणे चूक, नसते तर बरोबर. वरून समंजस वाटणारी ही कसोटी निरुपयोगी आहे. प्रत्येकजण स्वतःपुरते, मी काही विकत घेतले नसते, असेच उत्तर देतो, आणि ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा मार्ग नाही. मला नेमाची कसोटी अधिक भरवशाची वाटते. दुसऱ्याची तहान त्या मगावर नेमाने भागते का? सकाळी बापासाठी कॉफी, दुपारी मुलीसाठी स्प्राइट, रात्री आईसाठी चहा, असा क्रम लागला की तो मग कुटुंबाचा झाला. एखादा घोट, एखादी चव, तापलेल्या मुलाला दिलेला अर्धा पेला, यांनी तो कुटुंबाचा होत नाही. नेम बाहेरून दिसतो, आणि पिणाऱ्याला स्वतःलाही माहीत असतो, हे या कसोटीचे बळ.

चिप आल्यावर

२०१३ च्या सुमारास डिस्नेने मगाच्या तळाशी आरएफआयडी चिप बसवली. या चिपमध्ये बॅटरी नसते. मग यंत्राखाली ठेवला की यंत्रातला वाचक रेडिओलहरींनी चिप जागी करतो, तिचा क्रमांक वाचतो, आणि मुदत शिल्लक असेल तरच पेय सोडतो. सुरुवातीला एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस आणि पूर्ण मुक्काम असे किमतीचे टप्पे होते. पुढे एकच किंमत राहिली. शेजारच्या युनिव्हर्सल ऑरलँडोमध्ये कोका-कोलाच्या फ्रीस्टाइल यंत्रांवर चालणारा कप मिळतो. तो दिवसाच्या हिशेबाने चालतो, दोन भरण्यांमध्ये १० मिनिटे थांबावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी थोडे पैसे भरून तोच कप पुन्हा चालू करता येतो.

यातल्या १० मिनिटांच्या अटीकडे लक्ष द्यावे. कुणी प्यायचे हे कुंपण यंत्राला पाहता येत नाही, कारण चिपला मग ओळखता येतो, माणूस नाही. म्हणून माणसाचे कुंपण वेळेच्या रूपात घातले. चौघांनी एक कप वापरायचा ठरवले तर शेवटच्याला अर्धा तास थांबावे लागेल, असा हा हिशेब. तो चतुर आहे, पण उन्हातून आलेल्या आणि एकट्याच्याच कपाने पिणाऱ्या माणसालाही तो तेवढाच जाचतो.

चिपमुळे जुन्या मगाचा वाद व्यवहारात संपला: जुना मग यंत्र भरतच नाही. पण वाद संपणे आणि प्रश्न सुटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या काही पाळणाघरांनी छोटा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो पूर्वीच्या पातळीवर आला नाही. आधी उशीर करणाऱ्याला बाई थांबल्या आहेत याची लाज वाटत होती. दंड आल्यावर तो उशीर विकत घेऊ लागला. चिप म्हणजे दंड नव्हे, ती सरळ अडवते. तरीही परिणामाची जात मला सारखी दिसते. चिपच्या आधी पाहुणा स्वतःला विचारत होता, हे योग्य आहे का? आता तो विचारतो, यंत्र देते का? यंत्र देत असेल तर चालते, असा अर्थ तो काढतो. म्हणून मगात भरून घेऊन ते पेय स्वतःच्या बाटलीत ओतून उद्यानात नेणे, किंवा एक मग चौघांत फिरवणे, या ज्या गोष्टी चिपला कळत नाहीत त्यांच्याबद्दलचा संकोच कमी झाला. कुंपण जिथे लोखंडाचे झाले तिथे ते पक्के झाले, पण जिथे ते केवळ समजुतीचे होते तिथे ते विरळ झाले. ही किंमत कंपनीच्या जमाखर्चात कुठेच दिसत नाही.

विकणाऱ्याचे कर्तव्य

इथवर पाहुण्याला बराच बोल लावला. आता विकणाऱ्याकडे वळले पाहिजे, कारण दोन व्यवहार एका वस्तूत बांधले ते त्याने.

२००५ मध्ये डिस्नेने जेवणाची योजना आणली: मुक्कामाबरोबर जेवणाचे पैसे आधीच भरायचे. २०२० मध्ये ती थांबली आणि जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली. या योजनेत प्रत्येकाला एक मग मिळतो. चौघांचे कुटुंब आले तर चार मग, पुढच्या खेपेला आणखी चार, आणि घरी आधीचे चार धुऊन ठेवलेले. हक्क नवा हवा असतो, भांडे नको असते, तरी दोन्ही एकत्रच घ्यावी लागतात. जुना मग घेऊन येणाऱ्याला मी वर चूक ठरवले. पण घरात चांगले भांडे असताना आणखी एक प्लॅस्टिक का घेऊ, हा त्याचा प्रश्न चुकीचा नाही.

दुसरी गोष्ट साखरेची. कोकच्या ३५५ मिलिलिटरच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे बर्फाविना भरलेल्या अर्ध्या लिटरच्या मगात सुमारे ५५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे अशी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी. २,००० कॅलरी घेणाऱ्याला ती मर्यादा ५० ग्रॅमला येते. एकच मग ती ओलांडतो. पैसे आधी दिले की ते वसूल करण्याची ओढ लागते, आणि मगाचे पैसे पाच वेळा भरल्यावर वसूल होतात. फ्रान्सने जानेवारी २०१७ पासून गोड पेये फुकट किंवा एकाच ठरावीक दरात अमर्याद देण्यावर बंदी घातली. पॅरिसजवळच्या डिस्नेलँडलाही हाच कायदा लागू आहे. फ्लोरिडात विकला जाणारा मग तिथे त्याच रूपात विकता येणार नाही. इंग्लंडनेही १ ऑक्टोबर २०२५ पासून उपाहारगृहांत गोड पेये फुकट पुन्हा भरून देण्यावर बंदी आणली. फ्लोरिडात असा कायदा नाही, आणि मोठ्या माणसाला त्याचा पेला त्यानेच निवडू द्यावा असे मलाही वाटते. पण दहा वर्षांच्या मुलाच्या हातात मग योजनेतून आपोआप येतो तेव्हा त्याला निवड म्हणणे अवघड आहे.

या सगळ्यावर जो उपाय मला दिसतो तो चिपनेच शक्य केला आहे. चिप क्रमांक वाचते. त्या क्रमांकाला किती दिवसांचा हक्क जोडायचा हे काउंटरवर ठरते. तेव्हा भांडे एकदाच विकावे, आणि हक्क वेगळा, दिवसाच्या दराने विकावा, जो मागच्या सहलीच्या चिपवाल्या मगालाही लावता येईल. युनिव्हर्सल दुसऱ्या दिवशी तोच कप चालू करून देते, म्हणजे यात तांत्रिक अडचण नाही. योजनेतल्या कुटुंबाला मग नको म्हणण्याची आणि तेवढे पैसे कमी भरण्याची मोकळीक असावी. एक रात्र राहणाऱ्याला एका दिवसाचा हक्क घेता यावा, जसा तो सुरुवातीच्या टप्प्यांच्या काळात घेता येत होता. आणि लहान मुलांसाठी निम्म्या दराचा, पाणी, दूध आणि बिनसाखरेच्या पेयांचा हक्क ठेवला, तर एक मग दोघांत फिरवण्याची बरीचशी निकड जाईल. त्यानंतरही जे चौघे मोठे मिळून एकाच मगावर आठवडा काढतील, त्यांच्या बाजूने बोलायला माझ्याकडे काही उरणार नाही.